पोपचं हेल्मेट

प्रिय लिबी,

पत्र मराठीत आलं म्हणून दचकू नकोस. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी फतकल मारून बसून तू ही भाषा उचललीस, ती आईबापांना न कळता आणखी एक लाडू मागता यावा म्हणून. आज तिचा दुसरा उपयोग. हे पत्र मी तुमच्याच घरात, तुमच्याच जेवणाच्या टेबलावर, तुझ्या बापासमोर बसून लिहितो आहे, आणि त्याला ते वाचता येऊ नये अशी माझी इच्छा आहे. तो मधूनच मान वर करून विचारतो, "काय खरडतोस रे एवढं?" मी म्हणतो, "निबंध." "कोण वाचणार?" "कोणी नाही." "मग चालू दे," म्हणतो आणि पुन्हा खिडकीबाहेर बघतो. आम्हा प्राध्यापकांच्या विद्वत्तेबद्दल त्याचं मत अजून शाबूत आहे, एवढं ऐकून तुला बरं वाटावं. तुझी आई बाजारात गेली आहे. ती घराबाहेर पडली की मी इथे येऊन बसतो. असं का, ते पुढे येईलच.

इकडची खबर म्हणशील तर मका कापून झाला. तुझ्या बापाचा जुना दोस्त मिलो स्वोबोडा धान्याच्या कोठारावर दिवसभर खोकतो आहे, आणि गाव नेहमीसारखं शनिवारच्या सामन्याची वाट बघत आठवडा ढकलतं आहे. चर्चमधल्या बायकांनी विक्रीसाठी कोलाचे, म्हणजे ते गोड पाव, केले, खसखशीचे आणि जर्दाळूचे. तुझ्या बापानं खसखशीचे चार उचलले आणि दाराबाहेर आल्यावर मला म्हणाला, "आईनं केलेत, घे." त्याची आई जाऊन किती वर्षं झाली हे तुला माहीत आहे, तिचंच नाव तुला ठेवलंय. मी घेतला आणि खाल्ला. चांगला होता.

तुला सांगितलं नसेन, पण त्याच्या पहिल्या भेटीत मी घाबरलो होतो. वाईच्या पाठशाळेतून पुण्याला आणि पुण्याहून थेट नेब्रास्काच्या या सपाट रानात येऊन पडलेला मी. 'प्राचीन भाषा' अशी पाटी असलेल्या विभागात तेव्हा अडीच माणसं होती. एक तुझा बाप, एक निवृत्तीला टेकलेले ग्रीकचे गृहस्थ, आणि अर्धा मी. संस्कृतवर पुरा माणूस खर्च करायची विद्यापीठाची तयारी नव्हती. मी खोलीचं दार उघडलं तर आत भिंतीला लागून एक कपाट उभं. कपाटानं हात पुढे केला आणि म्हणालं, "मी ड्वेन कुचेरा. लॅटिन शिकवतो. घाबरू नका, आता खेळत नाही." त्याच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा माझं नाव वामन ठेवणाऱ्या आईवडिलांच्या दूरदृष्टीची मला प्रथमच खात्री पटली. पुढे त्यानं मला मैदानावर नेलं. चेंडूला पाय जवळजवळ लागत नाही आणि तरी याला फुटबॉल का म्हणतात, असं मी विचारलं तर म्हणाला, "देवाच्या आणि खेळाच्या बाबतीत असले प्रश्न विचारायचे नसतात. तू ब्राह्मण ना? तुला कळायला हवं."

त्याला लॅटिन लागलं कसं, हे तू त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं असशील, पण आता ते त्याच्या तोंडून नीट ऐकायला मिळणार नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. शेतावरून आलेला पोरगा, खांदे दाराएवढे. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या खेळाडूंना एक परकी भाषा घेणं सक्तीचं होतं. त्यांच्या अभ्यासाचं बघणारा जो सल्लागार होता त्यानं विचार केला, की मेलेली भाषा घ्यावी. ती कुणी बोलत नाही, म्हणजे तोंडी परीक्षा नाही. त्यानं बचावाच्या फळीतली सगळी पोरं लॅटिनला घातली. महिन्याभरात सगळी पळाली, हा एकटा उरला. संघानं त्याचं नाव 'पोप' ठेवलं. "काय पोप, आज प्रार्थना म्हणून पाडणार काय त्यांना?" असं म्हणून ते त्याच्या पाठीत गुद्दे घालायचे. पण ज्या डोक्यात दोनशे डावांच्या खुणा मावत होत्या त्या डोक्याला क्रियापदांची रूपं म्हणजे काय? मी त्याच्या तोंडून रूपावली ऐकली आहे. आमच्या पाठशाळेतले गुरुजी असते तर त्यांनी त्याची मुंज लावली असती. खेळ संपला, व्यावसायिक संघांनी घेतलं नाही, सगळे आपापल्या शेतावर गेले, आणि हा वाचनालयात जाऊन बसला तो प्राध्यापक होऊनच उठला. गावात अजून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, त्यानं नाव काढलं. दुसरा म्हणतो, काय सुंदर खेळायचा, वाया गेला.

आता मिलोची गोष्ट. तू तेव्हा शाळेत होतीस, वरच्या खोलीत अभ्यास करत होतीस. खाली आम्ही राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल खात बसलो होतो आणि मिलो जुन्या सामन्यांवर आला होता. "वहिनी, तुम्हाला सांगतो," असं तुझ्या शालनकाकूला म्हणून तो उभाच राहिला, "पोपच्या डोक्याला दणका बसला ना, की हा उठून सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहायचा! ते लोक डाव ठरवतायत आणि हा मान डोलावतोय!" आम्ही हसलो. "मग?" शालननं विचारलं. "मग काय, मी जायचो, जर्सी धरून ओढत आणायचो. कोचला कळलं तर बाहेर काढेल ना. मी कानात सांगायचो, पोप, डावीकडे. की हा डावीकडे. पोप, सरळ. की हा सरळ. अख्खा सामना मी त्याला असा बैलासारखा हाकलाय, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा? याचा!" तुझा बाप डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मिलो म्हणाला, आम्ही सगळेच असं करायचो, एकमेकांसाठी. जो करणार नाही तो कसला दोस्त?

मग त्यानं हेल्मेटची गोष्ट सांगितली. एका सामन्यात संघाच्या दुखण्याखुपण्याचं बघणाऱ्या म्हाताऱ्याला संशय आला. त्यानं तुझ्या बापाला बाकावर बसवलं आणि त्याचं हेल्मेट काढून घेतलं. ही त्यांची जुनी रीत, हेल्मेट नाही तर मैदान नाही. पोरगा शुद्धीत नसला तरी एवढं त्याला कळतं. म्हातारा हेल्मेट मांडीखाली घेऊन त्यावर कोंबडीसारखा बसून राहिला. थोड्या वेळानं बघतो तर बाक रिकामा. तुझ्या बापानं शेजारच्या राखीव पोराचं हेल्मेट उचललं होतं, कानावर बसत नव्हतं तरी कोंबलं होतं, आणि तो परत मैदानात. "आणि पुढच्याच डावाला त्यानं गडी पाडला!" मिलो टेबलावर हात आपटून म्हणाला. आम्ही सगळे हसलो. तुझी आई हसली नाही. ती उठली आणि कुणी मागितले नव्हते तरी रोल गरम करायला गेली.

लिबी, तुझ्या वाढदिवसाच्या फोनबद्दल मला तुझ्या आईनं सांगितलं. बऱ्याच महिन्यांनी तू फोन केलास, बापानं उचलला, आणि तू "मी बोलतेय" म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मी म्हणजे कोण?" तुला वाटलं, इतके दिवस फोन केला नाही त्याचा हा सूड. तू म्हणालीस, "ओळखत नसशील तर राहू दे," आणि ठेवून दिलास. तुझा रागही तुझ्या बापाकडूनच आला आहे, त्यामुळे मी त्याबद्दल काही म्हणत नाही. तू पोर्टलंडला गेल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांना टोमण्यांवरच जोखता, तेव्हा चूक होणं साहजिक होतं. पण तो टोमणा नव्हता, बाळ. प्रश्न होता.

सुरुवात कधी झाली हे कुणालाच सांगता येणार नाही. गाडी लावलेली जागा विसरणं, एकच विनोद दोनदा सांगणं, हे मी विद्वत्तेचं लक्षण समजत होतो. माझ्या गुरुजींनी एकदा स्वतःच्याच घरी जाऊन "घरात कोण आहे?" विचारलं होतं. मग एकदा तो रूपावली म्हणता म्हणता मध्येच अडकला. पुढचं रूप मलाही येत होतं, मी सांगितलं. तो म्हणाला, "हां, तेच," आणि पुढे गेला. एवढंच. पण त्या दिवसापासून आम्ही सगळे शहाणे झालो. कार्यालयातली बाई सकाळी त्याच्या हातात त्या दिवशीचे तास लिहिलेला कागद ठेवते आणि त्याला वर्गाच्या दारापर्यंत बोलत बोलत सोडते, जणू तिलाच तिकडे काम आहे. तुझी आई त्याला गाडीनं आणते आणि तास संपेपर्यंत खाली विणकाम घेऊन बसते. विणत मात्र काहीच नाही, लोकर तीच आहे. शनिवारी मिलो स्टेडियममध्ये त्याच्या शेजारी बसतो आणि कोण जिंकतंय ते सांगतो. आणि मी लॅटिन शिकतो. या वयात! त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. तो अडला की हात वर करून एक मूर्ख प्रश्न विचारतो, ज्यातच उत्तर असतं. "म्हणजे सर, इथे षष्ठी असणार, ती मालकाला लागणार, आणि मग वाक्य असं होणार, असंच ना?" तो म्हणतो, "बरोबर, वामन, उशिरा का होईना कळलं." पोरं मला मठ्ठ समजतात. माझ्या पाठशाळेनं मला जे मिळू दिलं नाही ते नेब्रास्कानं दिलं.

तू म्हणशील, मग सगळं निभतंय की. निभत होतं. गेल्या महिन्यात तो फळ्यासमोर उभा राहिला आणि राहिलाच. हातात खडू, तोंड फळ्याकडे. मी प्रश्न विचारला, दुसरा विचारला. शेवटी उठून पुढे गेलो आणि त्याला पोरांकडे वळवावं म्हणून हळूच कोटाची बाही ओढली. त्यानं वळताना खांदा खाली घातला. मला पुढचं फारसं आठवत नाही; मी टेबलावरून पलीकडे गेलो असं सांगतात. शुद्धीवर होतो, पण श्वास नव्हता. तुझा बाप माझ्यावर वाकला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. कामाला तयार असलेल्या माणसाचा चेहरा होता. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "आता कुठल्या बाजूला, मिलो?"

समोरच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. तो तिच्याकडे गेला, खाली बसला आणि इतक्या मायेनं म्हणाला, "काय झालं, बेटा? कुणी काही बोललं का?" तोपर्यंत मी ऐकत होतो. त्यानंतर मीही फळ्याकडे तोंड करून बसलो.

माझ्या दोन बरगड्या मोडल्या. पत्रात विनोद कमी वाटले तर दोष त्यांचा, हसलं की दुखतं. विभागात मी सांगितलं की पाय घसरला. पोरांनी मान डोलावली. ती त्याच्यावर प्रेम करतात, तीही आता या खेळात आहेत. घरी आलो तर शालननं पट्टा आवळता आवळता विचारलं, "कुणी पाडलं?" मी म्हटलं, "घसरलो." ती म्हणाली, "घसरलेला माणूस पाठीवर पडतो, तुम्हाला समोरून लागलंय. किती दिवस त्याची जर्सी ओढणार आहात तुम्ही सगळे मिळून?" पस्तीस वर्षं शास्त्र शिकलेल्या माणसाला पट्टा आवळणाऱ्या बाईनं एका वाक्यात शहाणं केलं. मिलोनं ओढली, तुझ्या आईनं ओढली, कार्यालयानं, पोरांनी, मी. सगळ्यांनी जीव लावून ओढली. आणि दर खेपेला तो पुन्हा मैदानात उभा राहिला, पुन्हा दणका खायला.

ओमाहाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. भला माणूस आहे, सावकाश बोलतो. म्हणाला, लहानपणापासून बसलेल्या त्या दणक्यांनी मेंदू आतून झिजत जातो, तसंच हे दिसतंय. पण खात्रीनं सांगायचं तर माणूस गेल्यावर मेंदू उघडून बघावा लागतो. मी त्याला म्हटलं, आमच्या न्यायशास्त्रात पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं ठरवतात, पर्वत जळून जायची वाट बघत नाहीत. तो बिचारा म्हणाला, "तुमचं शास्त्र बरं आहे." तुझा बाप परतीच्या वाटेवर म्हणाला, "वामन, तो डॉक्टर मला खेळू देणार नाही म्हणतोय का?" मी म्हटलं, "हो." "साहजिक आहे," तो म्हणाला. "ते तसंच म्हणतात. मिलोला सांग, कोचला कळू देऊ नको."

तुझ्या आईनं त्याला शिकवणं थांबवायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि सकाळी तयार होऊन बसला. तिनं गाडीच्या किल्ल्या लपवल्या. तो शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून आला. शेजाऱ्यानंच सोडलं, त्याला वाटलं मदत करतोय. मी त्याच्या वर्गाला कुलूप लावलं. तर तो पलीकडच्या खोलीत शिरला आणि रसायनशास्त्राच्या चाळीस पोरांना लॅटिन शिकवू लागला. पोरं गोंधळून लिहून घेत होती. आणि चांगलं शिकवत होता, लिबी, हेच तर वाईट. शेजारच्या पोराचं हेल्मेट होतं ते. काढून घेतलं तर तो दुसऱ्याचं घालतो, हे आम्हाला तेव्हा हसतानाच कळायला हवं होतं. तुझ्या आईनं आमच्या घरी येऊन काकूसमोर एवढंच म्हटलं, "पुढच्या खेपेला त्याच्यासमोर वामन नसेल. एखादं पोर असेल."

आता हे पत्र कशासाठी ते. तुमच्या मागच्या अंगणातला रविवारचा खेळ तुला आठवतो का? तो आपलं जुनं हेल्मेट घालून हातापायांवर बैल व्हायचा, आळीतली सगळी पोरं त्याच्यावर चढायची, आणि तो त्यांना गवतावर लोळवायचा. तुझी आई जेवायला हाका मारून दमायची, मी ओरडायचो, पण तो थांबायचा नाही. मग तू, टीचभर पोरगी, त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचीस. बोलायची नाहीस. फक्त दोन्ही हात पुढे करायचीस. की हा बैल गुडघ्यावर बसायचा, हेल्मेट काढायचा आणि तुझ्या हातांत ठेवायचा. ते तुला पेलायचं नाही, तू वाकायचीस. संघाच्या म्हाताऱ्याला, कोचला, तुझ्या आईला, मला, कुणालाही त्यानं ते आपण होऊन दिलेलं नाही. फक्त तुला. नाताळनंतर नव्या सत्राचे त्याचे तास सुरू होतात. त्याआधी ये. तो तुला ओळखेल अशी हमी मी देत नाही. कदाचित विचारेल, मी म्हणजे कोण. तेव्हा रागावू नकोस, उत्तरही देऊ नकोस, कानात डावं-उजवं काही सांगू नकोस. ते आम्ही खूप केलं. नुसती समोर उभी राहा आणि हात पुढे कर. तो हातातला खडू तुला देईल की नाही हे मला माहीत नाही. दिला, तर त्याला बाकावर एकटं बसावं लागणार नाही. शेजारी बसायला एक माणूस तयार आहे, आणि त्याला आता थोडंफार लॅटिनही येतं.

तुझाच,
मोडक्या बरगड्यांचा
वामनकाका